आमच्या कानसेनांचा बुधवार

आमचे हे स्वयंपाकघरात पाय ठेवतात ते आठवड्यातून एकाच दिवशी, बुधवारी. एरवी साखरेचा डबा कुठे असतो तेही त्यांना ठाऊक नसतं. पण बुधवारी हे आत आणि मी बाहेर. कोंबडीच्या मांड्या भाजायच्या, कातडीसकट, हाडासकट, आणि अशा भाजायच्या की सुरीच्या पाठीने कातडीवर ठोकलं तर ती वाजली पाहिजे. नाही वाजली तर ट्रे परत आत. लेकीच्या जन्माआधीपासूनचा हा नेम आहे. कबूल करायला जिवावर येतं, पण तशा मांड्या मला आजवर जमलेल्या नाहीत.

ठोकून बघणं हा यांचा पोटापाण्याचाच उद्योग. रेल्वेच्या यार्डात गाडी येऊन उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घ्यायची, एकेका डब्याशी वाकायचं, प्रत्येक चाकावर एक ठोका द्यायचा आणि ऐकायचं. चांगलं चाक घंटेसारखं लांब वाजत राहतं. आत कुठे बारीक चीर असली तर आवाज बसका येतो आणि जागच्या जागी मरतो. ती चीर वरून दिसत नाही, म्हणून तर ऐकायला माणूस ठेवलेला. यार्डात यांना सगळे कानसेन म्हणतात, फोरमनसुद्धा. कागदोपत्री दुसरं नाव आहे, ते हल्ली मलाही आठवून सांगावं लागतं.

पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा माझ्या आईने नव्या कपात चहा दिला. यांनी चमचा कपाच्या कडेला लावला आणि म्हणाले, "हा तडकलाय." आईचा चेहरा असा झाला की काय सांगू. त्या सेटचा तिला फार अभिमान होता. हे गेल्यावर ती तासभर बडबडत होती, पाहुणा आहे की भंगारवाला म्हणून. त्याच आठवड्यात तो कप वडिलांच्या हातात उभा फुटला आणि सगळा चहा मांडीवर. मग मात्र आई म्हणाली, माणूस विचित्र आहे, पण कानाचा तिखट आहे.

लग्न झाल्यावर हे सगळं माझ्या पदरात पडलं. हे घर घेताना यांनी मालकासमोर भिंती ठोकल्या. कलिंगड ठोकायचं, माठ ठोकायचा, कुणाचं नवं टेबल दिसलं की ठोकायचं. मला चारचौघांत मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तर मांड्यांचं. सकाळी कामावर जातानाच हे त्या फडक्याने टिपून कोरड्या करतात, मीठ चोळतात आणि न झाकता फ्रीजमध्ये ठेवून जातात. संध्याकाळी मिरपूड, लसणाची पूड, थोडं लाल तिखट आणि तेलाचं बोट. जाळीवर कातडी वर करून मांडायच्या, खाली ट्रे, ओव्हन कडकडीत तापलेला. इथपर्यंत मलाही येतं. पुढे हे स्टूल घेऊन ओव्हनशेजारी बसतात आणि डोळे मिटून ऐकतात. घड्याळाकडे बघत नाहीत. आधी आवाज जाड असतो, ओला, चर्र करणारा. पाणी आटलं की तो बारीक होतो, तडतड सुरू होते. मग ती तडतड विरळ होत जाते. दोन तडतडींमध्ये एक श्वास मावेल इतकं अंतर पडलं की हे उठतात आणि ट्रे काढतात. कातडी काचेसारखी आणि आतून रस. वर्षानुवर्षं एकदाही चुकलं नाही.

आणि मग एका बुधवारी मांड्या जळल्या.

नुसत्या करपल्या नाहीत, काळ्या ठिक्कर पडल्या. धूर मी बाहेरच्या खोलीतून पाहिला. हे स्टुलावर डोळे मिटून बसलेले. मी हाक मारली तेव्हा दचकून उठले आणि म्हणाले, ओव्हन बिघडला. पुढच्या बुधवारी घाई करून काढल्या, तर कातडी रबरासारखी. सुरीने ठोकून माझ्याकडे बघत राहिले. मला भूक लागली होती. म्हटलं, वाजली हो, वाढा आता. त्यानंतरच्या बुधवारी परत जळल्या. यांनी ओव्हन दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने आत थर्मामीटर ठेवून तापमान मोजलं, मागचं झाकण उघडून पाहिलं आणि मला म्हणाला, "काकू, ओव्हन ठणठणीत आहे. काकांना सांगा, लक्ष ठेवा." यांनी त्याला जवळजवळ घराबाहेर काढलं.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. दाराची बेल वाजली की हे उठत नव्हते. मी आतून काही सांगितलं की उत्तर नाही. पण नवऱ्याला बायकोचं बोललेलं ऐकू येत नाही, यात कुठल्या बाईला नवल वाटेल? मी धरूनच चालले होते की मुद्दाम करतात.

मग तो बुधवार आला. लेक जेवायला येणार होती. दुसऱ्या गावी नवी नोकरी लागली होती तिला, उद्यापासून हजर व्हायचं होतं, म्हणून आजचं जेवण आमच्याकडे. मी उकडलेले बटाटे सोलायला स्वयंपाकघरात गेले तर हे स्टुलावर बसलेले, पण डोळे उघडे. हातात टॉर्च. ओव्हनच्या काचेतून उजेड मारून कातडीचा रंग बघत होते, नाक काचेला लागायचं बाकी होतं. जो माणूस आयुष्यभर कान लावून भाजत आला, तो डोळ्यात तेल घालून बघत होता.

आमच्या कपाटात एक चिनी मातीचा वाडगा आहे. गेल्या वर्षी यांनीच तो ठोकून सांगितलं होतं की याला आत चीर आहे, यात गरम काही घालू नकोस. मी त्यात लिंबं ठेवते. मी लिंबं काढली, शेजारचा धड वाडगा घेतला आणि यांच्या पाठीमागे उभी राहिले. आधी धड वाडग्यावर चमचा मारला, मग तडकलेल्या वाडग्यावर. एक टणकन वाजला, एक थपकन. माझ्यासारख्या बाईलाही फरक कळत होता. यांची मान हलली नाही.

मी पुढे गेले. दोन्ही वाडगे ओट्यावर ठेवले, पुढे टॉवेल आडवा धरला आणि त्यामागून एकेकावर चमचा मारला.

"तडकलेला कुठला?" मी विचारलं.

यांनी माझ्याकडे पाहिलं. टॉर्च अजून चालूच होता.

"हे काय चालवलंयस? मांड्या आत आहेत."

"कुठला ते सांगा."

"परत मार."

मी परत मारला. हे पुढे झुकले, ओठ घट्ट मिटले.

"उजवा," म्हणाले.

मी टॉवेल काढला. उजवा वाडगा धड होता.

ओव्हनमधून जाड चर्र आवाज येत होता, तो फक्त मलाच येत होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी गॅसची शेगडी बंद केली, उगाचच, हाताला काहीतरी हवं म्हणून.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बारीक आवाज जातात," हे म्हणाले. "बोलणं येतं. समोर बसलं की सगळं येतं."

"मी बोलण्याचं विचारत नाहीये. चाकांचं काय?"

"चाक मोठं असतं."

"आणि चीर?"

यांनी टॉर्च बंद केला. "ठोका दिला की तळवा ठेवतो चाकावर. कंप हाताला कळतो. इतकी वर्षं काढली आहेत, हाताला कळतं."

"हाताला कळतं तर कोंबडी का जळते?"

"कोंबडीला हात लावता येत नाही," हे म्हणाले, आणि क्षणभर मला हसू येईल की काय अशी भीती वाटली. एरवी हसले असते.

"दरवर्षी कान तपासतात ना तुमचे? तिथे कसे पास झालात?"

"समोर कपाटाला काच आहे. तपासणाऱ्या बाईने आवाजाचं बटण दाबलं की तिचा खांदा हलतो. तो काचेत दिसतो."

हे सांगताना त्यांना जराशी ऐटच वाटत होती. मला इतका संताप आला की हातातला चमचा मी सिंकमध्ये फेकला. लोकांची पोरंबाळं बसतात त्या गाड्यांत, मी म्हटलं, आणि तुम्ही काचेत खांदे बघता. हे खाली बघून म्हणाले, "निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत. मला यार्डातून असं नको काढायला. कानसेन बहिरा झाला म्हणून. तू बोलू नकोस कुणाला. मी संभाळून घेतो."

माझा राग तिथेच अडकला. या माणसाकडे दुसरं काही नाही हो. पत्ते खेळत नाही, पेपर वाचत नाही. हातोडी आहे आणि बुधवार आहे. मी काय उत्तर देणार होते देव जाणे, तेवढ्यात बेल वाजली. हे अर्थातच बसून राहिले. दार मी उघडलं.

लेक आली ती मोठी बॅग घेऊन. "आज इथेच झोपते," म्हणाली. "पहाटेची गाडी आहे, इथून स्टेशन जवळ पडतं." बॅग भिंतीला लावून ती थेट स्वयंपाकघरात शिरली आणि यांच्या खांद्यावर हात ठेवला. लहानपणी ती याच स्टुलाच्या पायाशी बसून ओव्हन ऐकायची. दोघं बापलेक डोळे मिटून बसायचे आणि मी दोघांना नावं ठेवायचे.

"कुठली गाडी?" यांनी विचारलं.

तिने सांगितलं.

यांचा चेहरा मी बघत होते. आधी काहीच झालं नाही. मग हात गुडघ्यावर आला आणि तिथेच राहिला. मला कुणी सांगायची गरज नव्हती. ती गाडी दुपारी यार्डात उभी असते आणि दिवसपाळी यांची. आज तिच्या प्रत्येक चाकावर यांनीच ठोका दिला होता.

"डबे भरलेले असतात का हो तिचे?" लेक विचारत होती. "खिडकीची जागा मिळाली आहे."

"कितवा डबा?" हे म्हणाले.

"मागून दुसरा."

मी ओट्याकडे तोंड फिरवलं. बटाटे चिरत राहिले, चिरलेलेच परत चिरत होते. मनात एकच चाललं होतं की आता हे बोलतील, आता बोलतील. हे बोलत नव्हते. लेक नव्या ऑफिसचं काहीबाही सांगत होती, भाड्याच्या खोलीला एकच खिडकी आहे, शेजारीण तिखट आहे, आणि मधेच थांबून म्हणाली, "बाबा, काढा की. कधीची विरळ झाली तडतड."

हे तिच्याकडे बघतच राहिले.

"काढू?" त्यांनी विचारलं.

"हो, म्हणजे काय? ऐका ना."

यांनी फडकं घेतलं आणि ट्रे काढला. कित्येक आठवड्यांत अशा मांड्या झाल्या नव्हत्या. कातडी सोनेरी, कडा किंचित तपकिरी, तूप सुटावं तशी चरबी खाली ट्रेमध्ये. यांनी सुरी उलटी धरली, पहिल्या मांडीवर ठोका दिला आणि माझ्याकडे पाहिलं.

इतके आठवडे मी हेच बघत होते आणि मला दिसलं नव्हतं. हे ठोकत होते आणि माझं तोंड वाचत होते. ते उत्तर त्यांना कातडीकडून नाही, माझ्याकडून हवं होतं. मी मान हलवली, कारण खरंच वाजली होती.

आम्ही जेवायला बसलो. लेकीने पहिला घास घेतला आणि कातडी दाताखाली कर्रकन मोडली. तिने डोळे मिटले, लहानपणी मिटायची तसे. हे तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या ताटातली मांडी तशीच होती, बटाट्याचा एक तुकडा तेवढा मोडलेला.

"जेवा ना," मी म्हटलं.

"डब्याखाली कुणाचं तोंड बघू मी?" हे म्हणाले.

अगदी हळू म्हणाले. लेकीला वाटलं तिला काही विचारलं. "काय बाबा?"

हे उठले, हात धुतले, नीट पुसले, आणि फोन घेऊन आले. तिथेच, आमच्यासमोर, उभ्याने फोरमनला फोन लावला. ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसे मोठ्याने बोलले, ते मोठं बोलणंही मला त्याच दिवशी ओळखू आलं.

"साहेब, पहाटेची गाडी परत ठोकून घ्या. सगळीच्या सगळी. दुसऱ्या माणसाकडून. मागून दुसरा डबा दोनदा." मग थांबले. "नाही, गाडीला काही नाही. माझे कान गेलेत." परत थांबले. "हो. बऱ्याच दिवसांपासून. आधीच्या गाड्याही बघून घ्या."

पलीकडून काहीतरी बोलणं आलं. यांनी फोन कानाला घट्ट दाबला, डोकं वाकवलं, दुसरा कान बंद केला. मग फोन माझ्यापुढे धरला.

"काय म्हणतोय बघ. मला ऐकू येत नाहीये."

फोरमन म्हणाला, "वहिनी, मी आत्ता माणूस लावतो, काळजी करू नका." मग म्हणाला, "कानसेनांना सांगा, उद्या यार्डात उतरू नका. ऑफिसात या. आणि हातोडी घेऊन या, जमा करावी लागेल."

ते मला यांच्या तोंडावर सांगावं लागलं. समोर उभं राहून, सावकाश, ओठ दिसतील असं. हातोडीच्या वाक्याला मी दोनदा सुरुवात केली. यांनीच मान हलवून सांगितलं की कळलं. लेक खुर्चीवर तशीच बसली होती, बोटं तेलकट, आणि रडत होती. हे परत ताटावर बसले आणि गार झालेली मांडी हाडापर्यंत खाल्ली.

पहाटे गाडी सुटायच्या आधी फोरमनचा फोन आला. मीच घेतला. सगळी चाकं तपासली होती, दुसऱ्या माणसाने, मागून दुसऱ्या डब्याची दोन वेळा. सगळी धड निघाली. मागच्या गाड्यांपैकी रात्रीत यार्डात आल्या तेवढ्या तपासल्या, त्याही धड.

लेकीला गाडीत बसवून आम्ही घरी आलो आणि माझा बांध फुटला. सगळी धड होती, मी म्हटलं, तुमच्या हाताला कळत होतं ते बरोबरच होतं. थोडेच दिवस राहिले होते. काय मिळालं तुम्हाला? रागावले होते मी, स्वतःवर, यांच्यावर, त्या भल्या फोरमनवर. हे दारामागे टेकवलेल्या हातोडीचा दांडा ओल्या फडक्याने पुसत होते.

"बरोबर होतं," हे म्हणाले. "पण ते आज कळलं. काल पोरीने गाडी सांगितली तेव्हा मला माहीत नव्हतं."

यांना आता स्टोअरमध्ये बसवलंय, नटबोल्ट द्यायला. तिथे कुणी त्यांना कानसेन म्हणत नाही. चांगुलपणानेच म्हणत नाहीत बिचारे, आणि त्याचाच यांना जास्त राग येतो. पुढच्या बुधवारी सकाळी मांड्या आणल्याच नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, तू काहीतरी कर, वरणभात कर. हे कामावर गेल्यावर मी स्वतः चिकनवाल्याकडे गेले, मांड्या आणल्या, टिपल्या, मीठ चोळलं, न झाकता फ्रीजमध्ये ठेवल्या. संध्याकाळी हे आले तेव्हा ओव्हन तापलेला होता आणि स्टूल मी ओव्हनकडे नाही, माझ्याकडे तोंड करून ठेवलं होतं.

"मला नाही जमायचं," हे म्हणाले.

"तुम्हाला कोण करायला सांगतंय? मी ऐकते. तुम्ही बसून सांगा."

बसले. थोड्या वेळाने विचारलं, "कसा येतोय?"

"जाड."

"ओला?"

"हो."

"थांब मग."

मी थांबले. मला थांबायची सवय नाही, उभ्या जन्मात नव्हती. दोनदा फडकं हातात घेतलं आणि दोनदा यांनी नुसत्या डोळ्यांनी खाली ठेवायला लावलं. मग आवाज बारीक झाला. मी सांगितलं. मग विरळ झाला, किंवा मला तसं वाटलं, आणि मी ट्रे काढला.

यांनी सुरी उलटी धरली, मधल्या मांडीवर ठोका दिला आणि माझ्याकडे पाहिलं.

हो म्हणून टाकणं किती सोपं होतं. मागे एकदा म्हटलंच होतं.

"परत ठोका," मी म्हटलं.

त्यांनी परत ठोका दिला. मी जिवाचा कान करून ऐकलं.

"नाही वाजली," मी म्हटलं.

यांनी माझ्याकडे आणखी एकदा नीट पाहिलं, मान हलवली आणि ट्रे परत आत सरकवला.